ॲस्पन आणि तुमचा डावा हात

भाऊजी, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी एका इंग्रजी झाडाची गोष्ट सांगितली. लोकांच्या पानात नुकती बुंदी पडली होती आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते की भाऊजी गेले आणि साळ्याचं डोकं बिनसलं वाटतं. तुम्ही असता तर मान खाली घालून हसला असता. पण करणार काय? जो तो तुमच्या हाताबद्दलच बोलत होता. "बिचारे, किती थरथरायचे." "शेवटी शेवटी कपसुद्धा धरवत नव्हता." "सुटले एकदाचे." गोंदियाहून आलेल्या तुमच्या चुलतभावानं तर हात हलवून दाखवला, शेजारच्याला नीट कळावं म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

राग माझ्या नाकावर असतो, हे तुम्हाला नवं नाही. बायकोचा भाऊ म्हणून तुम्ही तो आयुष्यभर चालवून घेतलात. पण त्या दिवशी रागाखाली आणखी काहीतरी होतं. तुम्ही गेलात तेव्हापासून ताई माझ्याशी बोलत नव्हती. दवाखान्यात मी डॉक्टरांसमोर सांगितलं होतं की तुम्ही हातानं 'बस, पुरे' म्हणालात. ती म्हणाली, कसला बस, ती हाताची थरथर आहे. तुम्हाला व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही, हे त्या एका हातावर ठरलं. मी चुकीचं वाचलं असेल, तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या संसाराचा शेवट मी माझ्या तोंडानं केला. मी चुकीचं वाचलेलं नाही, याची मला खात्री आहे. पण आपली खात्री आपल्याजवळ, आणि बहीण समोरून पाठ फिरवून जाते तेव्हा ती खात्री काही कामाला येत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसलो.

तुमचा हात वाचणं हा माझा धंदाच होता. या हिंदी मुलखातल्या आपल्या पोलाद प्लांटमध्ये तुम्ही खाली आणि मी वर, क्रेनच्या केबिनमध्ये. खाली यंत्रांचा एवढा गोंगाट की कानाशी येऊन ओरडलं तरी निम्मं वाऱ्यावर जायचं. म्हणून सगळं बोलणं हातानं. अंगठा खाली म्हणजे खाली घे, मूठ म्हणजे धरून ठेव. इशारा एका वेळी एकाच माणसाचा मानायचा, नाहीतर चार जण चार बाजूंनी हात हलवायला लागले की वरच्यानं ऐकायचं कोणाचं? याला अपवाद एकच. 'बस' कोणीही म्हणू शकतो. हात आडवा, तळवा जमिनीकडे, आणि हवेत एक सरळ रेघ ओढायची. झाडू मारणाऱ्यानं ओढली तरी क्रेन जागच्या जागी थांबली पाहिजे. का, कशाला, हे सगळं नंतर चहाच्या वेळी विचारायचं.

वरून मला तुमचं फक्त हेल्मेट दिसायचं आणि हात. तुमचा चेहरा मला नंतर ओळखीचा झाला, हात आधी. ताईसाठी तुमचं स्थळ मीच आणलं. बाबांनी विचारलं, "पोरगा कसा हाय?" मी म्हणालो, "हात चांगला चालते त्याचा." बाबा दोन दिवस घाबरून होते की पोरगी मारकुट्याच्या घरी पडते की काय. लग्नानंतर तुम्ही घरातही तसेच बोलू लागलात. तोंडात घास असला की ताटावर तळवा आडवा. ताईनं तो बस कधीच मानला नाही, वरून आणखी एक पोळी पडायचीच. "माह्या घरात क्रेन मी चालवते," म्हणायची.

मग तो गिअरबॉक्सचा दिवस. तुम्हाला तो सांगायला फार आवडायचा, दर वेळी माझी फजिती थोडी वाढवून. आज मी सांगतो, म्हणजे खरा सांगितला जाईल. एक मोठा गिअरबॉक्स त्याच्या बैठकीवर उतरवायचा होता. तुमचा उजवा हात म्हणत होता, खाली घे. डावा हात मांडीजवळ सुटा होता आणि त्याची बोटं उघडमीट करत होती. प्लांटच्या आमच्या विभागात दुसऱ्या हाताची बोटं अशी हलवली की त्याचा अर्थ व्हायचा, अगदी हळू, केसाकेसानं. मी केसाकेसानं घेऊ लागलो. तुम्ही पुन्हा उजवा हात दाखवला, मी पुन्हा डाव्याकडे पाहिलं आणि आणखी हळू घेतलं. खाली माणसं ताटकळली, चहाची वेळ निघून गेली. शेवटी तुम्ही वर बघून जे बोललात ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून सगळं कळलं.

कँटीनमध्ये तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. "कावून बे, झोपला होता का वर? गिअरबॉक्स उतरवून राहिला होता का पाळण्यातलं लेकरू?"

"तुमीच तं हळू म्हणून राहिले होते. डाव्या हातानं."

"डाव्या हातानं? डाव्या हातानं मी काईच नाही म्हणलं."

मग आपण दोघांनीही खाली पाहिलं. टेबलावर ठेवलेला तुमचा डावा हात आपल्याच नादात काहीतरी बोलत होता. तुम्ही त्याच्यावर उजवा हात ठेवला आणि चहा मागवला.

त्याच आठवड्यात तुम्ही स्वतः जाऊन साहेबांना सांगितलंत, माझ्या इशाऱ्याखाली माणसं उभी राहतात, आता दुसरा कोणी घ्या. कोणी तुम्हाला काढलं नाही. उरलेली नोकरी तुम्ही स्टोअरमध्ये केलीत आणि त्याबद्दल कोणी हळहळलं की तुम्ही चक्क विषय बदलायचात. तुमच्या जागी आलेला माणूसही चांगला होता. पण केबिनमधून खाली बघताना मला बरेच दिवस चुकल्यासारखं व्हायचं, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

आता झाडाकडे येतो. तुमचा निखिल इंग्रजी शाळेत गेला तेव्हा तुम्ही पावर हाउस बाजारातल्या एका कबाड्याकडून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणला होता, पुठ्ठा फाटलेला. निखिलनं तो कधी उघडला नाही. तुम्हीच त्यात शिरलात ते शिरलात. खुर्सीपारचं घर सोडून जुनवानीत आलात, तेव्हा ताई म्हणाली हे धूड तरी फेका. ते तुम्ही स्वतः मांडीवर घेऊन ऑटोत बसलात. शब्दाच्या अर्थाशी तुम्हाला फारसं देणंघेणं नव्हतं. "अर्थ कोणीबी सांगते. हा आला कुठून, ते पाहाचं. सोयरीक कराच्या आधी माणूस कुळ पाहते का नाही?" आणि मग आठवड्याला एक तरी शब्द माझ्या गळ्यात मारायचात. मी कुरकुर करायचो, पण दुसऱ्या आठवड्यात पुन्हा यायचो.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा दुसरा कोणी असता तर देवळं पालथी घातली असती. तुम्ही शब्दकोशात थरथरण्याचे इंग्रजी शब्द शोधायला बसलात. एका दुपारी तुमचा फोन आला. "लवकर ये. झाड सापडलं."

मी आलो तर तुम्ही ओट्यावर, चष्मा कपाळावर, लग्न ठरल्यासारखे खूश. थंड देशात एक झाड असतं म्हणालात, त्याची पानं जरा वारा लागला की थरथरतात. त्या झाडाचं जुनं नाव ॲस्प. त्या झाडाचं जे जे काही, ते ॲस्पन. गोल्डचं जसं गोल्डन, वूडचं वूडन, तसं. ॲस्पन पान, ॲस्पन फळी. म्हणजे हा शब्द निव्वळ विशेषण, कोणाच्या तरी मागं लागून येणारा. पण लोकांच्या तोंडी तो इतका बसला की हळूहळू ते झाडालाच ॲस्पन म्हणायला लागले. पुढं त्या पानांवरून थरथरणाऱ्या कशालाही ॲस्पन म्हणू लागले, हाताला म्हणा, जिभेला म्हणा. आणि मूळचा ॲस्प? आज तो शब्द ऐकला की इंग्रजी माणसाला एक विषारी साप आठवतो, आणि तो तर दुसऱ्याच कुळातला, ग्रीकमधून आलेला.

"पाहा साळेबुवा," तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणालात, "भाडेकरू म्हणून आला आन् घरमालक होऊन बसला."

तुम्हाला हसू आवरत नव्हतं आणि माझं टाळकं फिरलं. कारण तुमच्या मांडीवर तो हात होता. मी म्हणालो, "हसून काय राहिले? गल्लीतले पोट्टे तुमाले 'हाथ हिलने वाले अंकल' म्हणतात, मालूम हाय?"

"मालूम हाय. पत्ता सांगाले बरं पडते."

"तुमचं नाव मनोहरराव हाय."

"असन. नाव गेलं तं गेलं. झाड तं आपल्या जाग्यावर उभं हाय ना?"

"झाडाले कोण विचारते? लोक नावच घेतात."

तो वाद आपण तिथं सोडला आणि पुढं दर थोड्या दिवसांनी पुन्हा उकरला. तुमचं म्हणणं, कोणी कशाही नावानं हाक मारली तरी आपण आपले आहोत ते आहोतच. माझं म्हणणं, एका खोडीनं अख्खा माणूस गिळायचा, हे मी चालू देणार नाही. तुम्ही गेलात म्हणून मी माझी बाजू सोडलेली नाही, हे इथं लिहून ठेवतो.

त्याच दुपारची आणखी एक गोष्ट. मी चिडून म्हणालो होतो, कुठलं ते परक्या मुलखातलं झाड, आपला पिंपळ काय कमी थरथरतो? तुम्ही लगेच चपला घातल्यात. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाताना सांगितलंत, की तिकडचे जुने लोक म्हणायचे, येशूचा क्रूस या झाडाच्या लाकडाचा केला, म्हणून ते लाजेनं कापतं. "झाड कशाले लाजन?" तुम्ही म्हणालात. "देठ चपटं हाय त्याचं. हवा लागली का पान हालते. त्यात पाप बी नाही अन् पुण्य बी नाही." तुम्ही हे कोणासाठी बोलत होतात ते मला कळलं. कोणता नवस राहिला, कोणाचं काय करायचं चुकलं, असं सांगायला येणारी नातेवाईक मंडळी तुम्ही चहा पाजून वाटेला लावली होती. तुम्हाला स्वतःची दया आली नाही, लाज तर मुळीच वाटली नाही. ते मला आजवर पुरतं जमलेलं नाही, पण शिकलो असेन तर तुमच्याकडूनच.

पिंपळाखाली तुम्ही डावा हात पुढं केलात. रिकामा होता, कापत होता. मग एक पान तोडून त्याचं देठ दोन बोटांत धरलंत आणि माझ्या डोळ्यांसमोर आणलंत. हात थांबला होता. पान वाऱ्यानं हलत होतं आणि हात स्वस्थ होता. "पाहून घे," तुम्ही म्हणालात. "काम देल्लं का थांबते. रिकामा असला का मंग बोंबलते." पुढं डॉक्टरांनीही तेच सांगितलं, या आजारात स्वस्थ पडलेला हात कापतो, मनानं उचललेला हात शांत होतो. थोड्या वेळानं तुमच्या बोटांना पुन्हा सुरुवात झाली आणि आपण घरी आलो. ताईनं भजी केली होती.

यंदाच्या थंडीत तुमची छाती भरली. बोलणं तर आधीच इतकं बारीक झालं होतं की ताईलाही कान तोंडाशी न्यावा लागायचा. निखिल पुण्याहून आला. डॉक्टर भला माणूस होता, घाई न करता त्यानं सगळं समजावून सांगितलं. व्हेंटिलेटर लावता येईल, पण लावला तर निघेलच असं सांगता येत नाही. मग तो तुमच्यावर वाकला आणि तुम्हालाही तेच विचारलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. ताई तुमच्या पायाशी होती, निखिल दारात, मी डाव्या बाजूला.

तुमचा डावा हात चादरीवर थरथरत होता. तो थांबला. मनगटातून जरासा वर आला, तळवा गादीकडे, आणि चादरीवरून एक रेघ ओढली, सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग हात खाली टेकला आणि पुन्हा कापायला लागला.

मी म्हणालो, "ताई, भाऊजी बस म्हणून राहिले."

"कुठचा बस?" ती माझ्या अंगावरच आली. "हात थरथरून राहिला त्यायचा. इतके वर्सं थरथरते. आजच तुले त्यात बस दिसला?"

निखिलनं विचारलं, "मामा, आप पक्का बोल रहे हो? एकदम पक्का?"

"पक्का," मी म्हणालो. 'बहुतेक' म्हणालो नाही, 'मला वाटतं' म्हणालो नाही. तुमच्या हाताबद्दल मी तसं कधीच बोललेलो नाही. निखिलनं आईकडे पाहिलं आणि मग डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात, फारसा त्रास न होता. तुम्हाला घरातून नेताना मी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं बाजूला केला.

त्यानंतर ती मला फक्त निखिलच्या तोंडून निरोप द्यायची. आणि मी रोज जाऊन तुमच्या ओट्यावर बसायचो. तुमची आठवण येते, भाऊजी. एखादा इंग्रजी शब्द कुठं दुकानाच्या पाटीवर दिसला की हात खिशातल्या फोनकडे जातो. शब्दकोश आत कपाटावर आहे, पण तो एकट्यानं उघडावासा वाटत नाही.

तर असा मी तेरवीला बसलो होतो आणि तुमच्या चुलतभावानं हात थरथरवून दाखवला. मी पानावरून उठलो. झाडाचं सगळं सांगितलं, ॲस्प, ॲस्पन, भाडेकरू, घरमालक, काही ठेवलं नाही. म्हणालो, "थरथर मनोहररावाच्या मागं लागून आली होती, ती मनोहरराव नाही. ज्या हातानं मोठमोठे गिअरबॉक्स बैठकीवर उतरवले, तो हात कामात कधी कापला नाही. कापत होता तो रिकामा हात. आन् ज्या हातानं दवाखान्यात बस म्हणलं, तो रिकामा नव्हता." कोणीतरी म्हणालं, बसा विलासभाऊ, जेवण थंड होते. चुलतभावानं हात मांडीवर घेतला. निखिल पाण्याचा गडवा घेऊन माझ्याजवळ आला आणि तिथंच उभा राहिला.

दुपार कलली तशी माणसं पांगली. मी निघायच्या बेतात होतो तर मागच्या अंगणातून ताईची हाक आली. "विलास, इकडं ये." कित्येक दिवसांत माझं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं. ती भाताच्या पातेल्याला, त्या मोठ्या गंजाला, राख लावत बसली होती. घासायला बाई होती, पण ही ऐकते कोणाचं?

"पंगतीत भलतंच बोलला तू."

"खोटं बोललो का?"

तिनं गंज आडवा केला. "नाही. मले बी दिसला होता."

"काय दिसला होता?"

"बस. तुह्या आधी दिसला. मी पायाशी होती, समोरून पाहून राहिली होती. रेघ ओढली त्यायनं."

"मंग थरथर कावून म्हणली? इतके दिवस बोलली नाही माह्यासंग."

ताईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तू बस म्हणला. निखिल काई बोलला नाही. साऱ्यायनंच लगेच हो म्हणलं असतं, तं त्यायले काय वाटलं असतं? इतक्या वर्साच्या संसारात जाऊ नका म्हणणारं कोणीच नाही निंगालं? एकानं तं नाही म्हणाले पायजे होतं. म्हणून मी म्हणलं. आन् तू इतक्या लवकर पक्का म्हणला, त्याचाच राग होता मले."

मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसलो आणि आम्ही दोघंही रडलो. भाऊजी, तिचं ते 'नाही' तुमच्या कानावर पडलं होतं. मी तुमच्या हाताकडे बघण्यात गुंतलो होतो, तरी हे मला दिसलं: हात खाली टेकल्यावर तुम्ही डोळे मिटले नव्हते, ती बोलत होती तेव्हा तिच्याकडे बघत होतात.